मडगार्डावरचा दिवा

जुन्या अमेरिकन श्रीमंती मोटारींची एक गंमत होती. 1970च्या दशकातली कॅडिलॅक घ्या, नाहीतर क्रायस्लरची इम्पीरियल घ्या. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, पार टोकाला, एक चकचकीत डबी बसवलेली असे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शोभेची आहे. पण त्या डबीला एक इवलीशी खिडकी असे, आणि त्या खिडकीचं तोंड रस्त्याकडे नसून चालकाकडे असे. चालकाने डावा इंडिकेटर दिला की डाव्या मडगार्डावरची खिडकी लुकलुकायची, उजवा दिला की उजवी. समोरून येणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. मागून येणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. तो दिवा फक्त मालकासाठी. ‘साहेब, आपण आता डावीकडे वळणार आहात,’ अशी साहेबांनाच दिलेली वर्दी.

याचं कारण गाडीची लांबी. 1976ची कॅडिलॅक एल्डोराडो साधारण 5.7 मीटर लांब होती आणि इंजिन होतं 8.2 लिटरचं. म्हणजे आमच्याकडे ज्या ट्रॅक्टरवर अख्खं कुटुंब चालतं त्याच्या दुपटी-तिपटीचं इंजिन, आणि ओढायला ना नांगर, ना ट्रॉली. एवढ्या बॉनेटच्या पलीकडे काय चाललंय, हे आत सोफ्यावर रेललेल्या माणसाला कळायचं कसं? कॅडिलॅकच्या इंजिनिअरांनी त्यावर मोठा सुंदर तोडगा काढला. त्या डबीत त्यांनी बल्ब बसवलाच नाही. पुढच्या खऱ्या दिव्यापासून प्रकाश वाहून नेणारा एक बारीक तंतू काढला आणि तो डबीपर्यंत आणून सोडला. खरा दिवा पेटला तरच डबी पेटणार, बल्ब गेला की डबी काळी. खोटं बोलायची सोयच ठेवली नाही. इंडिकेटरची एक खिडकी, हेडलाइटच्या वेगळ्या, आणि मागच्या दिव्यांची खबर द्यायला मागच्या काचेच्या वर, छताला आणखी एक डबी. ती आरशात दिसायची. म्हणजे मालकाने मान न वळवता, हात न हलवता, स्वतःच्या गाडीच्या चारी कोपऱ्यांची हजेरी घ्यायची.

मला या मालकाची दया येते. एवढी मोठी गाडी घेतली, आणि आपला बल्ब पेटतोय की नाही हे सांगायला जगात एक माणूस नाही. त्यासाठी कंपनीला तंतू ओढावा लागला.

आता पाली. ही अष्टविनायकातल्या बल्लाळेश्वराची पाली नव्हे. ती रायगड जिल्ह्यात. ही आमची पाली बीड जिल्ह्यातली. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरा धरणाच्या अंगाला लागते. धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की बीडची माणसं गाड्या काढून बघायला येतात. ती गाडी कुठे आणि कधी थांबवतील हे त्यांच्या शेजारी बसलेल्या बायकोलाही आधी कळत नाही, मग मागच्या ट्रकला कुठून कळणार? पाणी दिसलं की ब्रेक. इंडिकेटर वगैरे पाणी बघून झाल्यावर.

रस्ता धुळे-सोलापूर. पूर्वी याचा नंबर 211 होता, आता 52. हा 52 नंबर पंजाबातल्या संगरूरला सुरू होतो आणि कर्नाटकात अंकोल्याला, समुद्राशी जाऊन थांबतो. त्यामुळे या भागात कुठल्याही फाट्यावर चहाचा कप घेऊन अर्धा तास उभं राहिलं, की भारतात इंडिकेटर देण्याच्या सगळ्या तऱ्हा बघायला मिळतात. न देण्याच्याही मिळतात, आणि त्या जास्त आहेत.

कॅडिलॅक मी इथे कधी पाहिली नाही. पण मडगार्डावर इंडिकेटर असलेलं वाहन मात्र दर दोन मिनिटांनी जातं. ट्रॅक्टर. मागच्या थोरल्या चाकांवरची ती दोन रुंद मडगार्डं, त्यांवर केशरी दिवे, आणि मधोमध चालक. जरा मान वळवली की स्वतःचा इंडिकेटर स्वतःला दिसतो. कॅडिलॅकवाल्याला जे तंतू ओढून मिळवावं लागलं ते आमच्या शेतकऱ्याला कंपनीने आपोआप दिलेलं आहे. फक्त एक अडचण आहे. मडगार्ड ही आमच्याकडे बसायची जागा आहे.

ट्रॅक्टरला सीट एकच असते आणि ट्रॅक्टरवर एकटा जाणारा माणूस मी अजून पाहायचा आहे. डाव्या मडगार्डावर चुलते, उजव्यावर पाहुणे, मध्ये दोघांना धरून उभा असलेला पोरगा, आणि चालवणारा या सगळ्यांच्या मधून जमेल तेवढा रस्ता बघतो. पाहुणे नसतील तर उजव्या मडगार्डावर स्पीकर. एकदा थंडीच्या दिवसांत एका फाट्यावर असाच ट्रॅक्टर वळायला उभा होता. डाव्या मडगार्डावर धोतर नेसलेले एक आबा मांडी घालून बसलेले. पोराने डावा इंडिकेटर दिला होता, हे विशेष. पण दिवा आबांच्या मांडीखाली. धोतरातून केशरी उजेड येतोय, जातोय, येतोय, जातोय.

‘आबा, जरा सरका. लाइट झाकलाय.’

‘राहू दे की. लई गारठा हाय. जरा ऊब लागती.’

इंडिकेटरचा बल्ब साधारण 21 वॅटचा असतो, ऊब लागायचीच. आबांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. अमेरिकेत मडगार्डावरचा दिवा एका माणसाच्या डोळ्यांसाठी होता, इथे तो एका माणसाच्या गुडघ्यासाठी होता. रस्त्याला दोन्हीकडे सारखाच फायदा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुमच्याकडे दिव्याची खबर ठेवणारं कुणी नाहीच. उलट आहे. आमच्याएवढी खबर जगात कुणी ठेवत नसेल. 2017च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट कायमचा चालू असतो, बटणच नाही. कंपनीने दिलेला, कायद्याने सांगितलेला. तरीसुद्धा नवी गाडी घेतलेल्या माणसाला त्या वर्षी बीडपासून मांजरसुंब्यापर्यंत समोरून येणाऱ्या प्रत्येकाने पंजा उघडमीट करून सांगितलं, लाइट चालू आहे. ऊसतोडीला निघालेल्यांनी सांगितलं, लग्नाला निघालेल्यांनी सांगितलं. एसटीच्या ड्रायव्हरने एक हात स्टिअरिंगवरून काढून सांगितलं. शाळेतून परत येणाऱ्या पोरांनी ओरडून सांगितलं. तो बिचारा प्रत्येकाला मान डोलावून ‘माहीत आहे’ म्हणत गेला, आणि घरी पोचल्यावर वडिलांनी विचारलं, ‘दिवसाढवळ्या लाइट लावून का फिरतोस?’

आणि दिवा हा तर एक विषय झाला. साइड स्टँड खाली राहिला की मागचा माणूस तीन किलोमीटर पाठलाग करील, हॉर्न वाजवून वाजवून तुम्हाला घाबरवील, तुम्हाला वाटेल लुटायला आला, आणि शेजारी येऊन म्हणेल, ‘भाऊ, स्टँड!’ तेवढंच. आभार मानायच्या आत पुढे निघून गेलेला असतो. मागे बसलेल्या बाईचा पदर चाकाकडे लोंबला की रस्त्यावरच्या सगळ्या जातिधर्मांची, सगळ्या पक्षांची माणसं एका सुरात ओरडतात, ‘ताई, पदर! पदर!’ डिकी उघडी, मागच्या चाकात हवा कमी, पिशवीतून कांदे पडतायत, पोराची चप्पल गळली, काहीही असो. कॅडिलॅकने फक्त दिव्यांची खबर द्यायची सोय केली. पालीच्या रस्त्यावर कांद्याचीही खबर मिळते.

मग हीच माणसं स्वतः वळताना इंडिकेटर का देत नाहीत? हे मी एका तात्यांना विचारलं. स्प्लेंडर, मागे दुधाचा कॅन, रोज सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी काहीएक सूचना न देता आडवे वळणारे तात्या. त्यांनी गाडी बंद करून, शांतपणे विचारलं, ‘कुणाला द्यायचा?’

‘मागच्याला, तात्या.’

‘मागं आपलाच माणूस असतो. सगळ्या गावाला म्हाईत हाय मी दूध घालाय चाललोय.’

याला उत्तर नाही. तात्यांचं वळण ही गावात सार्वजनिक माहिती आहे. त्यांच्या मागचा माणूस ते वळायच्या आधीच हळू होतो. उद्या तात्यांनी इंडिकेटर दिला तर लोक काळजीने घरी विचारायला जातील, की आज डेअरीला न जाता कुठे निघालेत, सगळं ठीक आहे ना? इंडिकेटर ही अनोळखी लोकांनी एकमेकांशी बोलायची सोय आहे, आणि तात्यांच्या रस्त्यावर काल-परवापर्यंत अनोळखी कुणी नव्हतं.

शिवाय आमच्याकडे गाडीने सांगायची गोष्ट वेगळी आहे. गाडी कुठे वळणार हे दुय्यम. गाडीत कोण आहे, हे मुख्य. याला मोठी परंपरा आहे आणि तीही एका अमेरिकन गाडीची आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी 1930च्या दशकात ड्यूसेनबर्ग घेतली होती. गाडी इंडियानापोलिसची, अंगावरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने घडवलेली, आणि आसनं मोजून दोन. अमेरिकेत त्या काळी याच्या वरची गाडी नव्हती. या गाडीला पुढे लाल आणि निळे दिवे होते आणि त्यांवरून आत महाराज आहेत की महाराणी हे बघणाऱ्याला समजायचं, असं तिच्याबद्दल सांगतात. आता विचार करा. एवढी वेगवान गाडी समोरून येतेय. ती डावीकडे जाणार की उजवीकडे, हे कळायला नको? नको. कोण येतंय ते कळलं की बाजूला व्हायचं असतं, आणि बाजूला झालेल्या माणसाला वळणाशी काय घेणं?

1 मे 2017 पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. पण आमच्या जिल्ह्यात सरकारी दिव्यावाचून कुणाचं अडलेलं नव्हतं. मागच्या काचेवर ‘दादा’, ‘भाऊ’, ‘साहेब’, त्याखाली एक रुबाबदार फोटो, नंबरप्लेटवर आकड्यांची अशी रचना की आरटीओ चक्रावावा पण कार्यकर्त्याला लगेच वाचता यावं. अशी गाडी फाट्यावर वळताना इंडिकेटर देत नाही. तिला वाटतं, आपण आधीच पुरेसं सांगितलेलं आहे.

इंडिकेटरचा एक सुरुवातीचा विचार मात्र मडगार्डावरच जन्मला, आणि एका बाईच्या डोक्यात. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही मूकपटांच्या काळातली हॉलिवूडची नटी, गाड्यांची वेडी. तिने 1914च्या सुमाराला मागच्या मडगार्डावर बसवायचा एक हात तयार केला. चालकाने बटण दाबलं की हात वर, दुसरं दाबलं की खाली. मागच्याला कळावं, ही बाई आता वळतेय. तिने त्याचं पेटंट नीट घेतलं नाही, पैसे मिळाले नाहीत. पुढे 1939च्या मॉडेलपासून ब्युइक कंपनीने उघडझाप करणारे इंडिकेटर गाडीबरोबरच द्यायला सुरुवात केली, तेही आधी फक्त मागच्या बाजूला. पुढच्या वर्षी पुढेही आले आणि वळून झाल्यावर आपोआप बंद होण्याची युक्तीही आली.

ही बंद होण्याची युक्ती आपल्याकडच्या दुचाक्यांवर अजून फारशी पोचलेली नाही, आणि त्यामुळे फार मजा होते. केंद्रीय मोटार वाहन नियम क्रमांक 102 सांगतो, की इंडिकेटर केशरी हवा आणि त्याची उघडझाप मिनिटाला 60 पेक्षा कमी नको, 120 पेक्षा जास्त नको. आता पालीहून बीडला निघालेला एखादा तरुण गावातून बाहेर पडताना उजवा इंडिकेटर देतो आणि विसरतो. पंधरा मिनिटांच्या रस्त्यात ‘मी उजवीकडे वळतोय’ हे तो कमीत कमी 900 वेळा सांगतो, आणि उजवीकडे दुभाजक आहे. इथे लगेच राजकारणावर विनोद करायची आपल्यात पद्धत आहे, डावा इंडिकेटर देऊन उजवीकडे वळणाऱ्या पुढाऱ्यांवर. मी तो करणार नाही. ट्रकवाल्यांचा अपमान कशाला?

ट्रकवाल्यांचं दुखणं खरंच वेगळं आहे. महामार्गावर पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला, तर त्याचा अर्थ काय? एक, मी उजवीकडे वळतोय. दोन, मी पुढच्याला ओव्हरटेक करतोय. तीन, रस्ता मोकळा आहे, तू माझ्या उजवीकडून निघून जा. पहिल्या दोन अर्थांत तुम्ही ओव्हरटेक केलं तर मेलात, तिसऱ्यात केलं नाही तर मागचा शिव्या देतो. हा गोंधळ कुठून आला याचा मी बराच विचार केला आहे, आणि माझं मत असं, की दोष हाताचा आहे. म्हणजे हात गेला त्याचा.

जुने वाहतुकीचे नियम काढून बघा, हाताच्या खुणा किती बारकाईने सांगितल्या आहेत. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरवायचा. हळू व्हायचं तर तळवा खाली, हात वरखाली. थांबायचं तर कोपरापासून हात उभा. आणि मागच्याला ‘जा बाबा पुढे’ म्हणायचं असेल तर हात आडवा करून मागेपुढे अर्धगोल झुलवायचा. पाच वाक्यं, पाच हालचाली, एकही दुसरीसारखी नाही. जुन्या एसटीचा ड्रायव्हर घाटात तो हात असा झुलवायचा, की मागच्याला रस्ताही मिळायचा आणि जरा मानही वाटायचा. मग दिवा आला. दिव्याला झुलता येत नाही, गोल फिरता येत नाही, त्याला फक्त लुकलुकता येतं. हाताची सगळी वाक्यं त्या एका लुकलुकण्यात कोंबली आणि ज्याने त्याने आपापला अर्थ काढला. संगरूरकडच्याने एक काढला, अंकोल्याकडच्याने दुसरा, आणि दोघे पालीजवळ एकमेकांच्या मागेपुढे आले.

म्हणून आमच्याकडे हात अजून पूर्ण गेलेला नाही. रिक्षावाला डावीकडे वळताना डावा पाय बाहेर काढतो, चप्पल हलवतो, वळतो. मोटारसायकलवर मागे बसलेल्याने हात दाखवायचा असा अलिखित करार आहे. मागे आजी बसली असेल तर ती दोन्ही हातांनी नातवाला धरून बसलेली असते, तेव्हा नातू मान वळवतो आणि त्या बाजूला बघतो. जिकडे बघितलं तिकडे तो वळणार. हे ज्याला कळत नाही त्याने या रस्त्याला येऊ नये.

अमेरिकन गाड्यांशी आपलं नातं अगदीच नव्हतं असं नाही. हाच रस्ता धरून पुढे गेलं की सोलापूर. वालचंद हिराचंद तिथले. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि 1947पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. म्हणजे ज्या क्रायस्लरने पुढे मडगार्डावर दिवे लावले, ती आपली सोयरी होती. पण मडगार्डावरचे दिवे तिकडे लोकप्रिय झाले तोवर इकडे प्रीमियरने मोटारींसाठी फियाट धरली होती. त्यामुळे मालकाला वर्दी देणारा दिवा काही आपल्याकडे रुजला नाही. आपल्याकडे मालकाला वर्दी क्लीनर द्यायचा. ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस्स!’ हा जगातला सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा यंत्रभाग होता. चहा आणि बिडीवर चालायचा.

एका बाबतीत मात्र आम्ही अमेरिकेला मागे टाकलं आहे. फोर्डने 1965च्या थंडरबर्ड गाडीत मागे प्रत्येक बाजूला तीन तीन दिवे दिले होते, आणि वळताना ते आतून बाहेर एकामागून एक पेटत जायचे. त्यासाठी डिकीत एक छोटी मोटर आणि तिच्यावर फिरणारे खटके होते. तिकडे लोक त्याचं कौतुक करतात, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत अजून टाळ्या वाजतात. त्यांना म्हणावं, दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेला एखादा नवा ट्रॅक्टर बघा. पुढे निळी पट्टी धावतेय, मडगार्डांवर हिरवी, छतावर लाल-पांढरी, आरशांच्या दांड्यांवर गुलाबी, आणि गाणं असं लागलंय की दिवेही त्या ठेक्यावर नाचतायत. हा ट्रॅक्टर डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली अशा सगळ्या दिशांना एकाच वेळी वळतोय असं वाटतं. त्यात कंपनीने दिलेला एक केशरी दिवा कुठेतरी प्रामाणिकपणे उघडझाप करत असतो. लग्नाच्या मांडवात समई लावावी, तसा. आहे शास्त्राला, पण बघतं कोण?

आणि मागे? हा सगळा झगमगाट पुढे आणि वर. मागे दोन ट्रॉल्या असतात आणि त्यांच्या पाठीमागे बहुतेक वेळा मिट्ट काळोख. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत जाणारी वायर कुठल्यातरी कारखान्याच्या काट्यावर तुटलेली असते आणि हंगाम संपेपर्यंत ती तशीच लोंबते. दोन ट्रॉल्यांवर उसाचा डोंगर असतो, किंवा जाता-येताना कोपी, भांडी, शेळी, म्हातारी आणि झोपलेली पोरं असतात. आता रस्ता चौपदरी झाला आहे, मागून येणारा माणूस तात्यांच्या ओळखीचा नाही. त्याला तात्या दूध घालायला चाललेत हे माहीत नाही. तो संगरूरहून निघालाय, दोन रात्री झोपलेला नाही, आणि त्याला पुढे काय आहे हे दिसायला फक्त त्याचा स्वतःचा हेडलाइट आहे. पंजा उघडमीट करून त्याला सांगायला रात्री दोन वाजता तिथे कुणी उभं नसतं.

तेव्हा ट्रॅक्टरवाल्या भावांनो, या हंगामाला निघायच्या आधी एवढं करा. निळी-गुलाबी पट्टी लावा, हरकत नाही, पोरांना आवडते. पण मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावा, दोन्ही कोपऱ्यांना, उसाच्या मोळ्या ज्यावर लोंबणार नाहीत अशा जागी. वायर तुटली असेल तर जोडून घ्या, गावातला कुठलाही वायरमन चहा पिता पिता जोडून देईल. मडगार्डावरच्या दिव्याच्या काचेवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा. वळून झालं की बटण बंद करा. आणि मडगार्डावर बसलेल्या आबांना खाली उतरवून एसटीने पाठवा. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना 2022पासून तिकीट पडत नाही.